अप्पांच्या पोटातली नस

त्या गाठीत कॅन्सर नव्हता. अप्पांना कॅन्सर कधी झालाच नव्हता. ऑपरेशननंतर आठवड्याभरातच मला हे कळलं होतं. तरीही पुढची कितीतरी वर्षं अप्पा माझ्या दवाखान्यात चारचौघांसमोर "ह्या माणसानं माझा कॅन्सर मुळासकट काढला" असं सांगायचे आणि मी मान खाली घालून हसत राहायचो. लोकांना तो माझा विनय वाटायचा.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी 'तुमच्या गाजलेल्या ऑपरेशनवर लिहा' असं सांगितलं, तेव्हा त्यांच्या मनात अप्पांचंच ऑपरेशन होतं. कोल्हापुरापासून गडहिंग्लजपर्यंत माझं नाव झालं ते त्यामुळेच. म्हणून त्याच ऑपरेशनवर लिहितो आहे, पण जसं घडलं तसं. संबंधितांची परवानगी घेतली आहे. माणसांची नावं बदलली आहेत. गावाचं नावही बदलतो म्हटल्यावर अप्पा म्हणाले, "गाव कशाला बदलतासा? गावानं काय केलंय?"

मी पोटाचा सर्जन. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कोल्हापुरात राजारामपुरीत लहानसं हॉस्पिटल काढलं. दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याचं तंत्र तेव्हा मोठ्या शहरांत आलं होतं, आमच्या हाती यायचं होतं. आम्ही उजव्या बरगडीखाली वीतभर छेद घेऊन पोट उघडायचो.

ज्यांचा या गोष्टींशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. यकृतात पित्त तयार होतं आणि एका नळीतून आतड्यात उतरतं. या नळीच्या बाजूला एक पिशवी लटकलेली असते, तेच पित्ताशय. त्यात खडे होऊन त्रास द्यायला लागले की पिशवीचा देठ दोऱ्यानं बांधायचा, कापायचा आणि पिशवी बाहेर काढायची. माणसाचं तिच्यावाचून काही अडत नाही.

आमच्या भागात ऑपरेशन संपलं की सर्जननं बाहेर येऊन काढलेली वस्तू नातेवाइकांना दाखवायची पद्धत आहे. स्टीलच्या ट्रेमध्ये ती ठेवायची, वर हिरवा कपडा टाकायचा आणि वऱ्हांड्यात यायचं. ट्रे दाखवला नाही तर काही काढलंच नाही असा संशय घेतला जातो. घरातला सगळ्यात धीट माणूस पुढे येऊन ट्रेमध्ये डोकावतो आणि मागच्यांना वर्णन करून सांगतो. मला ही पद्धत आवडायची, हे कबूल करतो. ट्रे घेऊन मी दार ढकललं की वऱ्हांड्यातलं बोलणं थांबायचं आणि सगळे डोळे माझ्या हाताकडे लागायचे. त्या क्षणाची चटक लागते.

अप्पा माझ्या सुरुवातीच्या रुग्णांपैकी एक. गडहिंग्लजला मिरचीचे व्यापारी, धिप्पाड, आवाज असा की वॉर्डात बोलले तर खाली फाटकापर्यंत ऐकू जावा. घरात कानडी, दुकानात मराठी, आणि चिडले की दोन्ही एकदम. पित्ताशयातल्या खड्यांनी त्यांना बेजार केलं होतं.

ते लिंगायत. गळ्यातलं इष्टलिंग अंगावेगळं करायचं नाही हा त्यांचा नेम. ऑपरेशनच्या वेळी छातीवर आणि पोटावर काही ठेवून चालत नाही, म्हणून आमच्या उचगावच्या शांता सिस्टर ते काढून घरच्यांकडे द्यायला सांगत होत्या. अप्पा स्ट्रेचरवर उठून बसले. म्हणाले, "मग माझं पोट ऱ्हाऊ द्या तसंच." शेवटी सिस्टरनीच तोड काढली. लिंग निर्जंतुक गॉजमध्ये गुंडाळलं आणि अप्पांच्या डाव्या मनगटाला बँडेजनं घट्ट बांधलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "घ्या डॉक्टर. आता दोघंबी तयार हाईत."

ऑपरेशन चांगलं झालं. निघालेले खडे अप्पांनी बाटलीत घालून दुकानाच्या गल्ल्याशेजारी ठेवले. गिऱ्हाईक भावावरून फार घासाघीस करायला लागलं की बाटली खुळखुळ वाजवायचे. "हे पोटात घिऊन मी धंदा केलाय. तू मला काय दमवतोस?"

पिशवीचा देठ कापताना माझ्या कात्रीखाली आणखी काहीतरी कापलं गेलं होतं. ते मला दिसलं नव्हतं. कुठल्याच सर्जनला दिसत नाही.

मध्ये सात-आठ वर्षं गेली. एक दिवस अप्पा आले ते भावाच्या खांद्यावर हात टाकून. डोळे हळदीच्या पाण्यासारखे पिवळे, खाजवून खाजवून हातांवर ओरखडे, सदऱ्याची कॉलर मानेभोवती सैल झालेली. आधी गावाकडे काविळीचं झाडपाल्याचं औषध घेण्यात बरेच दिवस गेले होते. मी सोनोग्राफी केली, सी.टी. स्कॅन केला. यकृतातल्या पित्ताच्या नळ्या तुंबून फुगल्या होत्या आणि मुख्य नळीच्या मधोमध एक गाठ तिला आवळून बसली होती. साठीकडे झुकलेला माणूस, वजन घटलेलं, न दुखता झालेली कावीळ, नळीवर गाठ. वैद्यकाच्या पुस्तकात हे सगळं एका ओळीत लिहिलेलं असतं आणि त्या ओळीच्या शेवटी एकच शब्द असतो.

मी त्यांना पुण्याला पाठवलं. तिथे तोंडातून दुर्बीण घालून नळीत प्लास्टिकची बारीक नळी बसवली, म्हणजे पित्ताला वाट झाली. त्याच वेळी आतून ब्रशनं घासून पेशी तपासायला घेतल्या. त्यातून काहीच ठरलं नाही. 'निष्कर्ष काढता येत नाही' एवढंच त्यांनी कळवलं. या गाठींमध्ये असं पुष्कळदा होतं, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही.

कावीळ उतरायला काही आठवडे लागणार होते. ऑपरेशन त्यानंतर. तोवर घरच्यांना कल्पना द्यायची म्हणून मी अप्पांच्या बायकोला, पार्वतीअक्कांना, आणि धाकटे भाऊ मल्लाप्पांना केबिनमध्ये बोलावलं. रुग्णाला बाहेर बसवायचं आणि नातेवाइकांना आत सांगायचं, अशीच त्या काळी आमची सगळ्यांची रीत होती. अप्पा बाहेर बाकावर बसून शांता सिस्टरना मिरचीचा भाव सांगत होते. त्यांचा आवाज आत ऐकू येत होता.

मल्लाप्पा म्हणाले, "काय हाय ते सरळ सांगा. आम्ही व्यापारी माणसं, आडवळणाचं कळत न्हाई."

मी म्हणालो, "कॅन्सर आहे."

अक्कांनी पदर तोंडाशी नेला. मल्लाप्पांनी विचारलं, किती दिवस. गाठ निघाली तर वर्ष-दीड वर्ष, नाही निघाली तर काही महिने, असं मी सांगितलं. माझा आवाज शांत होता. असा आवाज कमवायला वर्षं लागतात आणि त्याचा अभिमानही वाटत असतो.

दाराशी अप्पांची मुलगी उभी होती, महादेवी. कोल्हापुरातच कॉलेजच्या वसतिगृहात राहून बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला शिकत होती, प्राणिशास्त्र घेऊन. ती आत कधी आली ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"डॉक्टर, तुम्ही बघितलासा का?" तिनं विचारलं.

"काय?"

"त्या गाठीतलं. मायक्रोस्कोपखाली. आमच्या कॉलेजच्या लॅबात बघितल्याबिगर काय लिहू देत न्हाईत."

मी हसलो. तेव्हाचं ते हसू मला आजही चेहऱ्यावर जाणवतं. म्हणालो, "बाळ, इतकी वर्षं हेच करतोय. या डोळ्यांना ओळखता येतं."

मल्लाप्पांनी तिला झापलं. "म्हादे, गप की. डॉक्टरपेक्षा तुला जास्त कळतंय व्हय?"

तिच्या प्रश्नाचं खरं उत्तर 'नाही' असं होतं. पुण्यात काही ठरलं नाही, हे मला माहीत होतं आणि त्या खोलीत दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. एवढं वाक्य मी बोललो असतो तर पुढचं सगळं वेगळं झालं असतं, असं मी म्हणत नाही. पण मी ते बोललो नाही.

पंधरवड्यानं मल्लाप्पा लग्नाची पत्रिका घेऊन आले. बापाच्या डोळ्यांदेखत पोरीचं उरकायचं असं घरात ठरलं होतं. नवरा शोधायला वेळ नव्हता आणि शोधायची गरजही नव्हती. मामाच्या मुलाला मुलगी देणं त्या सीमाभागात रिवाजाचंच. संकेश्वरला त्याचं हार्डवेअरचं दुकान होतं. मुलगा निर्व्यसनी, स्वभावानं गरीब. नावं ठेवायला जागा नव्हती. महादेवीचं शिक्षण पुरं होईपर्यंत थांबू, असं या घरात आधी ठरलेलं होतं, हे मला नंतर कळलं.

लग्नाला मी गेलो. अप्पा खुर्चीवर बसून होते, कपाळावर भस्माचे पट्टे, डोळ्यांतला पिवळेपणा बराच उतरलेला. मला जवळ बोलावून हळू म्हणाले, आणि अप्पांचं हळू बोलणं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं, "मला काय झालंय ते कोणबी सांगत न्हाई. पण लेकीचं लगीन इतक्या घाईनं कवा करत्यात ते मला कळतंय की."

मी त्यांचा हात दाबला. आपण हातच दाबतो अशा वेळी. अक्षता टाकल्या. महादेवी नमस्काराला वाकली तेव्हा काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, परीक्षा कधी आहे.

"ऱ्हायली," ती म्हणाली.

त्यानंतर ऑपरेशन झालं. लिंग पुन्हा मनगटाला बांधलं. शांता सिस्टरनी ते बांधताना या वेळी काही चेष्टा केली नाही. पोट उघडल्यावर मी जुन्या व्रणातून वाट काढत पित्तनळीपर्यंत पोचलो. माझ्याच हातानं बांधलेला दोरा अजून तिथे होता आणि त्याला लागूनच ती गाठ. पांढुरकी, टणक, आजूबाजूला चिकटलेली. बोटाला लागली तशी कच्च्या सुपारीसारखी. माझी उरलीसुरली शंकाही संपली. नळीचा तेवढा भाग गाठीसकट काढला आणि आतड्याचा एक वेढा वर आणून यकृताच्या नळीला जोडला. अवघड काम आहे. ते मी चांगलं केलं, हे आजही सांगतो, कारण त्या दिवसाबद्दल चांगलं सांगण्यासारखं तेवढंच आहे.

मग ट्रे घेऊन बाहेर आलो. कपडा बाजूला करून गाठ दाखवली. "हाच तो. मुळासकट निघाला." मल्लाप्पा माझ्या पायाच पडले. अक्का भिंतीला टेकून खाली बसल्या. महादेवी पुढे झाली. हातभर हिरवा चुडा, आणि ट्रेवर वाकून ती सगळ्यात जास्त वेळ बघत राहिली.

कापलेली वस्तू पॅथॉलॉजिस्टकडे जाते. तिथे तिचे कागदाहून पातळ काप काढून काचेवर चढवतात, रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. आमच्या पॅथॉलॉजिस्ट लाटकर मॅडम मोजक्या बोलणाऱ्या. त्यांचा फोन आला. "वेळ असेल तर येऊन जा. हे तुम्ही स्वतः बघायला हवं."

कॅन्सर सूक्ष्मदर्शकाखाली कसा दिसतो ते मला ठाऊक होतं. पेशी वेड्यावाकड्या, एकीचा दुसरीशी मेळ नाही, कुणी कुठंही घुसलेलं. तेच पाहायच्या तयारीनं मी डोळा लावला.

समोर वेगळंच काही होतं. फिक्या गुलाबी धाग्यांच्या जुड्याच्या जुड्या. एक जुडी डावीकडे वळलेली, तिच्यावरून दुसरी वळसा घेऊन गेलेली, तिसरी दोघींच्या मधून वाट काढत खाली उतरलेली. गुऱ्हाळाच्या काहिलीत रस उकळताना जशी वळणावर वळणं उमटतात तसं, फक्त एका जागी थांबलेलं. कुठेही घाण नव्हती. कुठेही मरण नव्हतं.

"काय आहे हे?"

"नस," मॅडम म्हणाल्या. "मज्जातंतू. पित्ताशयाच्या देठाभोवती त्यांचं केसाहून बारीक जाळं असतं. तुम्ही देठ कापलात तेव्हा ते कापले गेले."

मग त्यांनी मला, सर्जनला, समजावून सांगितलं. कापलेल्या नसेचं टोक स्वस्थ बसत नाही. तिचा उरलेला भाग जिथं असायला हवा तिकडे ती धागे सोडायला लागते. दुसरं टोक सापडलं तर त्याला जाऊन मिळते आणि माणसाची गेलेली संवेदना परत येते. सापडलं नाही तरी ती वाढत राहते. वाट अडली की वळते, व्रणाला आपटून मागे फिरते, स्वतःभोवतीच गुंडाळली जाते. अपघातात पाय तुटलेल्यांच्या थोट्याला अशा गाठी येतात, हे मी शिकलो होतो. पित्तनळीवर त्या क्वचित येतात, इतक्या मोठ्या तर त्याहून क्वचित. आल्या की सोनोग्राफीला, स्कॅनला, सर्जनच्या बोटाला हुबेहूब कॅन्सर वाटतात.

"हिचं दुसरं टोक मग कुठं गेलं?" मी विचारलं.

"तुमच्या ट्रेमध्ये. पिशवीबरोबर."

मी पुन्हा डोळा लावला आणि किती वेळ बसलो ते सांगता येणार नाही. अप्पा दुकान उघडत होते, मिरची तोलत होते, भांडत होते, जेवून झोपत होते, आणि त्यांच्या पोटात, त्यांना पत्ता नसताना, केसाहून बारीक धागे अंधारात पुढे पुढे सरकत होते. कुणी सांगितलं होतं त्यांना? कुणीच नाही. त्या पोटाला ज्याची गरजही उरली नव्हती अशा एका अवयवाकडे ते निघाले होते. वर्षानुवर्षं मी पोटं उघडत आलो होतो. कुठे काय असतं ते मला झोपेतही सांगता आलं असतं. आपण कशात हात घालतो आहोत, हे मात्र त्या दिवशी त्या काचेवर पहिल्यांदा कळलं. देवळात गेल्यावर मला कधी असं वाटलेलं नाही. माझे डोळे भरून आले आणि मॅडमनी ते पाहूनही न पाहिल्यासारखं केलं.

मी निघालो तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "चांगली बातमी आहे. जाऊन सांगा."

मी सांगायलाच निघालो होतो. हॉस्पिटलच्या पायरीवर मल्लाप्पा उभे होते. त्यांच्या मागे महादेवी, हातात वडिलांचा डबा. तिचा हिरवा चुडा मला आधी दिसला.

मल्लाप्पांनी विचारलं, "रिपोर्ट काय म्हणतोय? गेला का कॅन्सर?"

"गेला," मी म्हणालो. "आता काळजी नाही."

बस्स, इतकंच. 'नव्हताच' म्हणायचं होतं. म्हणालो असतो तर दुसरा प्रश्न तिनं विचारला असता, आणि तो मला आधीच ऐकू येत होता. मल्लाप्पांनी तिथल्या तिथे हात जोडून आकाशाकडे पाहिलं. महादेवी माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "थँक्यू, डॉक्टर," आणि डबा घेऊन वर गेली.

अप्पा बरे झाले, त्यांचं वजन भरलं आणि आवाज परत आला. मग घरच्यांनीच त्यांना सांगितलं की तुम्हाला कॅन्सर होता, आणि अप्पांनी ते तालुक्याला सांगितलं. गल्ल्याशेजारच्या खड्यांच्या बाटलीची जागा या कहाणीनं घेतली. गडहिंग्लज, नेसरी, संकेश्वरहून माणसं माझ्याकडे यायला लागली. माझ्या वऱ्हांड्यात बाक वाढवावे लागले. दर उन्हाळ्यात अप्पा तपासणीला येत आणि पोतंभर मिरची घेऊन येत, निवडलेली, देठ खुडलेली. तिचीच आमच्या घरी वर्षाची कांदा-लसूण चटणी व्हायची. बायको तिला 'अप्पांची चटणी' म्हणायची. मी ती ताटात बाजूला सारायला लागलो. तिला वाटलं, मला पित्ताचा त्रास सुरू झालाय.

हे असंच चाललं असतं. पण एकदा अप्पा कोडोलीच्या एका शेतकऱ्याला घेऊन आले. त्याच्या बायकोला कावीळ झाली होती. तिची गाठ खरी होती. या वेळी तपासणीत स्पष्ट कॅन्सर आला होता आणि तो यकृतात पसरलेला होता. मी नवऱ्याला म्हणालो, ऑपरेशननं काही साधणार नाही, नळी बसवू, उरलेले दिवस सुखाचे जातील. तो म्हणाला, "अप्पांचा काढलासा की. तेवढंच हिचं करा."

अप्पा शेजारीच बसले होते, माझ्याकडे विश्वासानं पाहत. तिथेही मी सांगू शकलो असतो. मी ऑपरेशनला तयार झालो. पोट उघडलं, पाहिलं, बंद केलं. ट्रे रिकामा होता म्हणून नेलाच नाही. ती बाई घरी परत गेली नाही. जे दिवस तिला घरी मिळाले असते ते माझ्या वॉर्डात गेले. जाताना नवरा रागावला असता तर बरं झालं असतं. तो माझे हात हातात घेऊन म्हणाला, "तुम्ही काय कमी केलं न्हाई, डॉक्टर. अप्पांचं नशीब येगळं, आमचं येगळं."

नशीब नव्हतं ते. मी तोंड उघडलं नव्हतं, एवढंच होतं. त्या माणसाकडेही मी नंतर गेलो, पण ते त्याचं आणि माझं आहे. त्या भेटीबद्दल इथे लिहायची परवानगी मी त्याच्याकडे मागितलेली नाही.

त्याच आठवड्यात मी गडहिंग्लजला गेलो. दुपारची वेळ, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मिरचीच्या उग्र खाटानं मला शिंका येत होत्या आणि शिंकतच मी सगळं सांगितलं. अप्पांनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही.

"म्हंजे मला कॅन्सर न्हवताच?"

"नव्हता."

"मग मी इतकी वर्सं लोकास्नी काय सांगत सुटलोय?" त्यांचा चेहरा खरोखर पडला. मरणाच्या दारातून परतलेला माणूस म्हणून गावात त्यांना जो मान होता, तो मी काढून घेत होतो. मग त्यांनी विचारलं, "आणि तो कोडोलीचा?"

"त्याच्याकडेही जाणार आहे."

त्यांनी गल्ल्याशेजारची खड्यांची बाटली उचलली आणि न वाजवता परत ठेवली. मग त्यांचा आवाज पुन्हा तसाच खाली आला, लग्नात आला होता तसा. "आणि महादेवीचं लगीन?"

मी हात जोडले.

"माझी माफी मागू नका," अप्पा म्हणाले. "गाठ कसलीबी असू दे, ती नळी आवळत हुती आणि तुम्ही ती काढलासा. मी हितं बसलोय. पण तिनं तुमाला इचारलं हुतं, डॉक्टर. नंतर घरात ती बोलली हुती ते, आणि आम्हीच तिला गप केलं. तिच्याकडं जावा."

मी तिच्याकडे गेलो नाही, तिला बोलावलं. रिकाम्या शब्दांनी तिच्या दारात उभं राहायचं माझ्यात धाडस नव्हतं. लाटकर मॅडमना फोन केला. त्या काचा टाकत नाहीत. अप्पांची काच त्यांनी जपून ठेवली होती. महादेवी संकेश्वरहून एस.टी.नं आली. दुकानाचा सगळा व्यवहार आता तीच बघायची, हे बोलण्यातून कळलं. बोलणं ठाम झालं होतं. मी तिला पॅथॉलॉजीच्या खोलीत नेलं आणि आधी सगळं सांगून टाकलं, कॅन्सर नव्हता हे, मला कधी कळलं हे, पायरीवर मी काय बोललो हे.

ती स्टुलावर बसली. कुणी न सांगता तिचा हात फोकसच्या चाकावर गेला आणि तिनं चित्र स्वच्छ करून घेतलं. मग ती बघत राहिली. काच हळूच सरकवायची, थांबायची, पुन्हा सरकवायची.

"ह्या सगळ्या नसाच?" डोळा न उचलता तिनं विचारलं.

"सगळ्या."

"कुठं निघाल्यात?"

मॅडमनी तिला सांगितलं, मला सांगितलं होतं तसंच.

"अव्वा," आईला हाक मारावी तसं ती स्वतःशीच म्हणाली. पुन्हा काच सरकवली. "अप्पांच्या पोटात. आणि कुणालाच ठाव न्हाई." थोड्या वेळानं तिनं विचारलं, "माझ्या लग्नाच्या वक्ताला बी ह्या वाढतच हुत्या?"

"हो."

"तवा बघितलं असतं तर दिसलं असतं का, डॉक्टर?"

या प्रश्नाचं सोपं उत्तर दिलं असतं तर ते पुन्हा खोटंच झालं असतं. मी म्हणालो, "ऑपरेशनच्या आधी बहुतेक दिसलं नसतं. तिथवर पोचता येत नव्हतं. पण बघितलेलं नाही, हे मला माहीत होतं. तेवढं मी सांगू शकलो असतो, आणि तुम्ही घरची माणसं कदाचित लग्नाचं थांबला असतात."

तिनं डोळा उचलला नाही. चाकावरचं बोट मात्र थांबलं.

मी तिच्या स्टुलाशेजारी उभा होतो. वर्षानुवर्षं कमावलेला तो शांत आवाज त्या वेळी कामाला आला नाही.

"महादेवी, तू विचारलं होतंस, बघितलं का. मी बघितलं नव्हतं आणि तुझ्यावर हसलो. नंतर बघितलं, आणि तुझ्यापासून लपवलं. तुझं जे राहिलं ते माझ्यामुळे राहिलं. माझं चुकलं."